चमन, कुरण आणि दुबईहून आलेला प्रश्न

धाकट्या भावाचा दुबईहून व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. कासवासारखं एक यंत्र हिरवळीवर आपलं आपण फिरतंय, गवत कापतंय, आणि बॅटरी संपत आली की स्वतःच कोपऱ्यात जाऊन चार्जिंगला उभं राहतंय. पाठोपाठ त्याचा आवाज: "भाईजान, धाराशिवच्या घरापुढं लॉन करायचंय. हे रोबोटवालं घेऊ, की बॅटरीचं ढकलायचं मशीन घेऊ? तुम्ही बघून सांगा."

भावाचं घर गावाच्या कडेला आहे. पुढं हजारभर चौरस फूट मोकळी जागा, मागं तेवढीच पडीक. तो वर्षातून एक महिना येतो, बाकीचे अकरा महिने किल्ली माझ्याकडे असते. म्हणजे लॉन त्याचं आणि गवत माझं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, यंत्रांतलं मला फारसं कळत नाही. शब्दांतलं थोडं कळतं, म्हणून शब्दापासून सुरुवात केली. यंत्रापर्यंत पोचायला आठवडा लागला.

लॉनला मराठीत हिरवळ म्हणतात, पण आपल्या मराठवाड्यात आणखी एक शब्द रुळलेला आहे: चमन. औरंगाबादेत शहागंज चमन आहे, जालन्यात गांधी चमन आहे. फारसीतून उर्दूत, उर्दूतून निजामाच्या राज्यात आणि तिथून थेट आपल्या रिक्षावाल्यांच्या तोंडात. चमन म्हणजे हिरवा तुकडा, फुलांचा वाफा, बाग. दुसरा शब्द सब्ज़ा. उर्दूत त्याचा अर्थ कोवळं हिरवं गवत. मराठीत तोच सब्जा तुळशीसारखं एक झाड झाला आणि त्याचं बी फालुद्यात पडलं. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, आणि मग दोन्ही अर्थ विसरत नाहीत.

उर्दू गझलच्या चमनमध्ये कोण कोण असतं ते आठवून पाहिलं. बुलबुल असतो, गुल असतो, त्याला पकडणारा सय्याद असतो, बागबान असतो, फुलं तोडून नेणारा गुलचीं असतो. गवत कापणारा घसियारा मात्र कुठेच नाही. गवताला जागा आहे ती 'सब्ज़ा-ए-बेगाना' म्हणून. बागेत न बोलावता उगवलेलं, बागेचं असूनही बागेचं न मानलेलं परकं गवत. या शब्दाकडे पुन्हा यावं लागेल.

शायरांनी घसियारा विसरला असं नाही. त्या बागांत कापायला लॉन नव्हतंच. मुघलांच्या चारबागेत चालायची वाट उंच आणि वाफे खोल असायचे. वाफ्यांत फुलझाडं, फळझाडं, मधून पाण्याचे पाट. माणूस वाटेवरून चालला की फुलांचा गालिचा पायांच्या पातळीला दिसायचा. बाग पोटापाण्याचीही होती. ताजमहालच्या बागेतली फळं विकून देखभालीला हातभार लागायचा. औरंगाबादच्या हिमायत बागेत आजही फळ संशोधन केंद्र आहे. आपण आज ताजसमोर जी सपाट मोकळी हिरवळ पाहतो ती शाहजहानची नाही. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता. त्याला इंग्लंडमधल्या बागांसारखा मोकळा देखावा हवा होता. दाट झाडी कमी झाली आणि हिरवळ आली. पुढं शंभर वर्षांत बीबी का मकबऱ्यापासून तहसील कचेरीपर्यंत आपण सगळ्यांनी बाग म्हणजे लॉन असंच धरून चाललो. मकबऱ्यात सहल नेली की मुलांना मी सांगतो, हे गवत इमारतीपेक्षा खूप लहान आहे.

इंग्रजांकडे तरी हे आलं कुठून? त्यांच्याकडे पाऊस बारमाही झिरपतो, गवत आपोआप वाढतं. ते खायला मेंढ्या होत्या, आणि श्रीमंतांच्या वाड्यांपुढं लांब दांड्याची विळे घेतलेली माणसं रांगेत चालत गवत कापायची. दव असताना, भल्या पहाटे, कारण ओलं गवत पात्याला चांगलं सापडतं. लॉन असणं म्हणजे, माझ्याकडे इतकी जमीन आहे की तिच्यात मी काहीच पिकवत नाही, आणि इतके नोकर आहेत की ते न पिकवलेलंही कापतात, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवणं.

मग एडविन बडिंग आला. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळचा हा कारागीर लोकरीच्या गिरण्यांतली यंत्रं दुरुस्त करायचा. विणलेल्या कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे कातरायला गिरणीत गोल फिरणारी पाती असत. बडिंगला वाटलं, कापडावरची लव कातरता येते तर जमिनीवरची का नाही? ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला पेटंट मिळालं. एकोणीस इंच रुंदीचं, ओतीव लोखंडाचं, मागून ढकलायचं यंत्र. सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात गेलं. पेटंटच्या अर्जात त्याने असंही सुचवलं आहे की खेड्यातल्या मोठ्या लोकांना हे यंत्र स्वतः चालवण्यात करमणूक आणि व्यायाम दोन्ही मिळेल. विकणाऱ्याची जीभ तेव्हाही अशीच होती.

यंत्र मोठं झालं तसं ते ओढायला घोडे आले, आणि खुरांचे ठसे हिरवळीवर उठू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घातले जायचे. हिंदुस्थानात तेच यंत्र बैलांना जुंपलं गेलं. ताजच्या बागेत बैलजोडी लॉन कापतेय, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. मला तो फोटो फार बोलका वाटतो. बैल गवत कापतोय, आणि ते त्याने खायचं नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. निजामाच्या देण्यापोटी १८५३ साली हा मुलूख इंग्रजांच्या हातात गेला आणि १८६० साली परत निजामाकडे आला. त्या मधल्या काळात जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गला होतं, आणि तिथला डेप्युटी कमिशनर होता फिलिप मेडोज टेलर, ठगांवर कादंबरी लिहिणारा. तुळजापूरपासून सुरू होणारी त्याची 'तारा' ही कादंबरी १८६३ सालची. तेव्हाचं राज्य घोड्यावर चालायचं. सैन्यात असो की साहेबाच्या दौऱ्यात, घोड्यामागे मोतद्दार असायचा आणि घसियारा असायचा. घसियाऱ्याचं काम एकच: रोज रान तुडवून गवताचा भारा आणायचा. म्हणून राखीव कुरणं होती आणि कुरणांवर पहारे होते. दुसऱ्याच्या रानातलं गवत कापलं म्हणून आपल्या भागात भांडणं व्हायची, अजून होतात. इथे गवताला मालक होता, भाव होता आणि खाणारं तोंड होतं. ते कापून कोपऱ्यात टाकून द्यायचं ही कल्पना माझ्या आजोबांना समजावून सांगणं अवघड गेलं असतं.

गवत कापायचं मराठी माणसाचं यंत्रही याच विचाराचं होतं. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेतकऱ्यासाठी सुरुवातीला बनवलं ते कडबा कापायचं यंत्र. ज्याला आपण कडबा कुट्टी म्हणतो. त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष पसरतं म्हणून शेतकरी तो हातात धरेनात, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना ठाऊक आहे. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. बडिंगच्या यंत्रातून निघालेलं गवत कचरा होतं, किर्लोस्करांच्या यंत्रातून निघालेलं गवत गव्हाणीत जायचं. पातं दोन्हीकडे पोलादाचंच.

आणि लोखंडी नांगर पुढं ज्या कामासाठी काळ्या रानात नावाजला गेला त्यात एक होतं हरळी काढणं. हरळी काय चीज आहे ते शेतकऱ्याला विचारा. हातभर खोल मुळ्या, तोडली की प्रत्येक तुकड्यातून नवी फुटते. रान हरळीने धरलं की मुलीचं लग्न पुढं ढकलावं लागतं असं अब्बा म्हणायचे. तर मी भावाच्या लॉनसाठी नर्सरीत चौकशी केली. नर्सरीवाल्याने दुष्काळी भागात टिकणारं, उन्हाला दाद न देणारं, तुडवलं तरी न मरणारं लॉनचं गवत दाखवलं. नाव बर्म्युडा. मी वाकून पाहिलं, हात लावला, आणि मला हसू आवरेना. ती आपली हरळी होती. सायनोडॉन डॅक्टिलॉन. एकच वनस्पती: गणपतीला वाहिली की दूर्वा, शेतात आली की हरळी, साहेबाच्या बंगल्यापुढं लॉन. रानातून खणून बांधावर फेकलेला सब्ज़ा-ए-बेगाना नर्सरीत चौरस फुटाच्या भावाने विकायला होता. कोण आपलं आणि कोण परकं हे गवताने ठरवलेलं नसतं, एवढंच मनात आलं आणि मी पुढं चाललो.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ते झालं भाईजान, पण मशीन कोणतं?"

तर मशीन. आपोआप चालणाऱ्या यंत्राची कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत १९६९ साली मोबॉट नावाचं बॅटरीवरचं यंत्र विकायला आलं होतं, जमिनीत पुरलेल्या तारेच्या हद्दीत फिरणारं. १९९५ साली हुस्कवार्ना या स्वीडिश कंपनीने सूर्यप्रकाशावर चालणारं आणलं. ही कंपनी १६८९ साली राजाच्या बंदुका बनवण्यासाठी सुरू झाली. तेव्हा विजापूरची आदिलशाही बुडून तीन वर्षं झाली होती. आताचे रोबोट तारेऐवजी उपग्रह आणि कॅमेऱ्यावर वाट काढतात. त्यांचं काम विळ्याच्या उलट असतं. विळा महिन्यातून एकदा भारा काढतो, रोबोट रोज मिलिमीटर-दोन मिलिमीटर खुडतो. खुडलेला भुगा तिथेच पडतो, कुजतो, खत होतो. गोळा काहीच होत नाही.

हे मी मोठ्या कौतुकाने मावशींना सांगितलं. मावशी म्हणजे भावाच्या घरामागच्या वस्तीतल्या. त्यांच्याकडे सहा शेळ्या आहेत, काळ्याभोर, लांब कानांच्या, जुळी देणाऱ्या. जिल्ह्याचं नाव पाटीवर काहीही लिहा, या शेळीला जगभरच्या पुस्तकांत उस्मानाबादीच म्हणतात. मावशी पावसाळ्यात भावाच्या प्लॉटमधलं गवत कापून नेतात आणि त्या बदल्यात कोण आलं गेलं यावर नजर ठेवतात. लेखी काही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात परांडा-भूमकडे पुराने हाहाकार केला, तेव्हा इकडेही गवत कमरेला आलं होतं. मावशींनी पंधरा दिवस भारे वाहिले. व्हिडिओ बघून त्या म्हणाल्या, "गुरुजी, ते मशीन गवत कापून तिथंच टाकतंय व्हय? मग माझ्या शेळ्यांनी काय खायचं?"

मी म्हणालो, मग डबा लावलेलं मशीन घेऊ. गवत डब्यात जमेल, तुम्ही न्या. त्यांनी मान हलवली. नंतर जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांचंच बरोबर निघालं. मशीनने बारीक झालेलं ओलं गवत ढिगात तासाभरात तापतं, आंबतं. शेळी ते अधाशासारखं न चावता गिळते आणि पोट फुगतं. विळ्याने कापलेली लांब काडी तिला चघळावी लागते. कडबा कुट्टी चालते कारण कडबा वाळलेला असतो. म्हणजे मशीनच्या डब्यातलं गवत चारा नाही, आणि नायलॉनच्या दोरीने गवत उडवणारं मशीन तर बादच, कारण दोरीचे तुकडे चाऱ्यात जातात. शेळीच सोडावी प्लॉटमध्ये असंही सुचवून पाहिलं. अमेरिकेच्या व्हाइट हाउसपुढं पहिल्या महायुद्धात मेंढ्या चारल्या होत्या हे मला पाठ होतं. मावशी म्हणाल्या, "शेळी आधी तुमचा गुलाब खाईल, मंग शेवगा, गवताला शेवटी तोंड लावंल." गुलचीं कोण ते कळलं.

मग पाण्याचा हिशेब केला, खरं तर तो आधी करायला हवा होता. हजार चौरस फूट म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर आठवड्याला इंचभर पाणी लागतं, म्हणजे सुमारे तेवीसशे लिटर. महिन्याला पाच हजार लिटरचे दोन टँकर. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वर्षी आमच्याकडे घागरींची रांग पहाटे तीनला लागायची आणि जनावरं चारा छावणीत होती. अशा जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर लॉन हिरवं ठेवायचं आणि मग ते वाढलं म्हणून कापायला रोबोट आणायचा. शेजाऱ्यांसमोर ही किल्ली माझ्या हातात असणार होती. नमाजासाठी वजू करतानाही पाणी जपून वापरा, वाहत्या नदीकाठी असलात तरी, ही शिकवण मी मुलांना सांगतो. त्यांनी ते लॉन बघितलं असतं तर?

कबरस्तानही आठवलं. ओलं गवत कबरीवरून उपटू नये, सुकलं की काढावं, असं हनफी फिकहची पुस्तकं सांगतात. हिरवं असेपर्यंत ते अल्लाहची तस्बीह करतं, ही त्यामागची समजूत. दोन कबरींवर हिरवी फांदी चिरून लावल्याची हदीस सगळ्यांना माहीत आहे. आमच्या लहानपणी दसऱ्यानंतर, गवत पिवळं पडलं की, कबरस्तानातल्या गवताचा लिलाव व्हायचा. पैसे भिंतीच्या डागडुजीला जायचे आणि गवत कुणाच्याही गोठ्यात. घेणारा हिंदू की मुसलमान हे विचारलं जात नसे. शबे-बरातच्या आधी आम्ही पोरं खुरपी घेऊन उरलंसुरलं काढायचो. आता तिथे तणनाशक फवारतात. गवत जळतं, लिलाव बंद झाला, आणि डागडुजीला वर्गणी मागतात.

भावाला शेवटी जे सांगितलं ते असं. हजार फुटांचं लॉन नको. दारापुढं दोनशे फुटांचं चमन कर, हरळीचं, आणि उन्हाळ्यात ते पिवळं पडू दे. हरळी मरत नाही, पहिल्या पावसाला परत येते, तिचा तोच गुण आहे. बाकी पुढं चारबागेसारखी झाडं लाव: सीताफळ, डाळिंब, कडेला मेंदी. मागची जागा मावशींच्या विळ्याला. दोनशे फुटांना रोबोट म्हणजे माशी मारायला तोफ. त्याला जमीन सपाट लागते, आपल्याकडे दगडगोटे आणि उंदरांची बिळं. बिघडला तर धाराशिवात तो उघडणारा हात कुठला? बॅटरीचं ढकलायचं मशीन पाच-सहा हजार फुटांच्या लॉनला ठीक आहे. तेही घ्यायचंच असेल तर इथे घे, सामानात टाकून आणू नकोस. विमानात शंभर वॅट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते, एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. छत्तीस व्होल्ट, पाच अँपिअर-तास म्हणजे एकशे ऐंशी. आखाताकडून येणाऱ्या सगळ्यांनी हा गुणाकार करून निघावं. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, बॅटरीवर दोन्ही छापलेलं असतं.

"मग घेऊ काय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, बडिंगचं घे. ते अजून मिळतं. हाताने ढकलायचं, दोन चाकं, मध्ये फिरणारी पाच पाती, ना बॅटरी ना वायर. दोनशे फूट दहा मिनिटांत होतं. तो थोडा हिरमुसला. दुबईत राहून भावाला लोखंडाचा गाडा पाठवायचा म्हणजे काय, असं त्याला वाटलं असणार. पैसे मात्र त्याच दिवशी पाठवले.

मशीन सोलापूरहून आलं. मावशींनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ह्याला धार कोण लावणार?" खरंच, ते मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशीन स्कूटरवर बांधून शिकलगारांच्या दुकानात नेलं. तीन पिढ्या विळे, कात्र्या आणि कसायांचे सुरे लावणारं घर. म्हाताऱ्या चाचांनी असलं यंत्र पूर्वी पाहिलं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी हाताने पाती एकदा पुढं फिरवली, एकदा मागं. वर्तमानपत्राचा तुकडा मध्ये धरला, तो अर्धा कापला आणि अर्धा चुरगळला. मग खालची सरळ पट्टी बोटाने वाजवून म्हणाले, "पात्यात काही नाही मास्तर. ही खालची पट्टी एका बाजूला उतरलीय. संध्याकाळी या."